दुकानाबाहेरची मुलं

माझ्या भावोजींना नाटकाची आवड मुळीच नाही. डोंबिवलीत नवीन लग्न झालं होतं तेव्हा ताईनं त्यांना दोनदा नाटकाला ओढून नेलं आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्या अंकात झोपले, अशी आमच्या घरात नोंद आहे. त्यामुळे २००६ च्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीला ताईकडे गेलो असताना न्यूयॉर्कला नाटक बघायला माझ्याबरोबर भावोजी येतील, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिकीट खरं तर ताईचं होतं. तिला आयत्या वेळी हॉस्पिटलात ड्यूटी लागली आणि काढलेलं तिकीट फुकट घालवणं भावोजींच्या स्वभावात बसत नव्हतं. बसमध्ये त्यांनी विचारलं, "नाटक कशावर आहे?"

"एका दुकानाबाहेर रात्रभर उभ्या राहणाऱ्या मुलांवर."

भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग त्यासाठी न्यूयॉर्कला कशाला जायचं? आपल्या कोपऱ्यावर फुकट दिसतं."

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. कारण त्या कोपऱ्यावर उभं राहणाऱ्यांत माझा भाचा होता. वीस वर्षांचा. कॉलेजात नाव घातलं होतं, पहिलं सत्र कसंबसं काढलं आणि सोडून दिलं. दिवसभर झोपायचा, संध्याकाळी उठून काहीतरी खायचा आणि रात्री दहा वाजता बाहेर पडायचा. कुठे जायचा हे गुपित नव्हतं. घरापासून मैलभरावर एक दुकान होतं, रात्रभर उघडं असणारं, आणि त्याच्यासमोर गाड्या लावायची मोठी मोकळी जागा. तिथं चार-पाच जण उभे असायचे. डोंबिवलीत आईला फोनवर मात्र "तो शिकतोय" असंच सांगितलं जायचं. आई अधूनमधून विचारायची, अजून किती वर्षं राहिली रे त्याची?

नाटकाचं नाव 'सबअर्बिया'. लेखक एरिक बोगोशियन. मे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर थिएटरनं ते पहिल्यांदा रंगमंचावर आणलं, दिग्दर्शक होते रॉबर्ट फॉल्स. त्याच्या आदल्याच महिन्यात कर्ट कोबेन या सत्तावीस वर्षांच्या रॉक गायकानं आत्महत्या केली होती आणि अमेरिकेतली वर्तमानपत्रं 'या पिढीला झालंय तरी काय' या प्रश्नानं भरलेली होती. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, रिचर्ड लिंकलेटरनं त्याच नाटकावर सिनेमा काढला. मी पाहिला तो २००६ चा नवा प्रयोग. त्रेचाळिसाव्या रस्त्यावरचं सेकंड स्टेजचं तेव्हाचं नाट्यगृह म्हणजे पूर्वीची एक बँक होती. दिग्दर्शिका होत्या जो बॉनी, म्हणजे लेखकाच्या पत्नी.

गोष्ट म्हणाल तर एका रात्रीची. बर्नफील्ड नावाचं एक काल्पनिक उपनगर. तिथं सेव्हन-इलेव्हनचं दुकान आणि त्याच्या कडेची पार्किंगची जागा. शाळा संपून दोन-तीन वर्षं झालेली मुलं तिथं बिअर पीत, पिझ्झा खात, एकमेकांना टोमणे मारत बसलेली. जेफ कॉलेजात एखादा विषय घेऊन शिकल्यासारखं करतो आणि जगात काहीच खरं नाही यावर तासन्‌तास बोलतो. बफ सदैव नशेत आणि सदैव खूश. टिम हवाई दलातून परत आलेला आहे आणि त्याच्या पोटात सगळ्या जगाबद्दल विष साठलंय. जेफची मैत्रीण सूझ हिला चित्रकार व्हायचंय, न्यूयॉर्कला जायचंय. तिची मैत्रीण बी-बी ही व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन नुकतीच बाहेर आलेली, गप्प गप्प असणारी मुलगी. आज रात्री त्यांच्याच वर्गातला पोनी येणार आहे. तो आता रॉक गायक झालाय. म्हणजे नाटकाचा पहिला भाग झाला गोदोची वाट पाहणं. फरक इतकाच, की इथला गोदो खरोखर येतो, तोही लांबलचक लिमोझीनमधून, सोबत जनसंपर्क सांभाळणारी एक श्रीमंत घरची मुलगी घेऊन. आणि तो आल्यावर सगळ्यांचंच बिघडतं.

आणि या सगळ्यांच्या मागे, काचेच्या आत, दिव्यांच्या लख्ख उजेडात दुकान चालवणारा नॉर्मन चौधरी आणि त्याची बहीण पाकिझा. पाकिस्तानातून आलेले. नॉर्मन दुकान सांभाळून इंजिनिअरिंग शिकतोय. तो बाहेर येऊन पुन्हा पुन्हा सांगतो, इथं उभं राहू नका, गिऱ्हाइकं घाबरतात. टिम त्याला त्याच्या देशावरून, रंगावरून शिव्या घालतो. वाढत वाढत प्रकरण पिस्तुलापर्यंत जातं.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण आपल्या वाचकांना त्यात रस वाटेल. १९९४ च्या मूळ प्रयोगात नॉर्मनची भूमिका फिरदौस बामजी यांनी केली होती. त्यांचा जन्म मुंबईचा. मी पाहिलेल्या प्रयोगात नॉर्मन झाले होते मनु नारायण, जे त्याआधी दोन वर्षं ए. आर. रहमानच्या 'बॉम्बे ड्रीम्स'मध्ये ब्रॉडवेवर नायक होते. आणि त्या दिवशी ज्यानं सर्वांत जास्त हशे वसूल केले त्या बफच्या भूमिकेत होता किरन कल्किन. त्याला २०२५ साली सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगत सुटलो, की याला मी पार्किंगमध्ये लोळताना पाहिलंय.

असो. पाकिझा चिडली की उर्दूत बोलते. आजूबाजूचे प्रेक्षक त्या आवाजाला हसत होते. आम्हा दोघांना शब्द कळत होते, त्यामुळे आम्ही हसलो नाही. मी हळूच भावोजींकडे बघितलं. ते झोपले नव्हते. खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते.

ताई नर्स. १९८५ साली तिला जर्सी सिटीच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली, तिच्यामागून भावोजी गेले. इथला त्यांचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा तिथं कुणी विचारात घेईना. तेव्हा दिवसा पुन्हा कॉलेज आणि रात्री एका दुकानाच्या गल्ल्यावर काम, असं त्यांनी तीन वर्षं काढलं. १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नाव घेतलेली एक टोळी निघाली. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. शहरातून हिंदुस्थानी लोकांना हाकलून लावू, अशी धमकी देणारं त्यांचं पत्र तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका पारशी बँक अधिकाऱ्याला पोरांच्या टोळक्यानं रस्त्यात इतकं मारलं की तो वाचला नाही. ताई त्या काळात टिकली पर्समध्ये ठेवून कामाला जायची आणि हॉस्पिटलात पोचल्यावर आरशात बघून लावायची. हे आम्हाला डोंबिवलीत कळलं ते कितीतरी वर्षांनी.

मध्यंतरात भावोजी कॉफीचा कप हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "काऊंटरच्या खाली आमच्याकडे बेसबॉलची बॅट असायची. मालकानं ठेवलेली. मी ती कधी उचलली नाही, पण रोज रात्री आल्या आल्या जागेवर आहे ना बघायचो." मग जरा थांबून, "हे मी पोराला कधी सांगितलं नाही. त्याला वाटतं मी आल्या दिवसापासून ऑफिसात जातोय."

दुसऱ्या अंकात नॉर्मन त्या मुलांना सुनावतो, की मी शिकतोय, माझं घर होईल, पोहण्याचा तलाव होईल, आणि तुम्ही मात्र इथंच असाल. त्यावर भावोजींनी मान डोलावली, एखाद्या कीर्तनात डोलवावी तशी. मराठी मध्यमवर्गीय माणसानं हे नाटक पाहिलं तर तो मनानं कुठे बसेल हे सांगायला ज्योतिषी नको. तो काचेच्या आतच बसेल. आपण सगळे नॉर्मन. रात्रीचं काम, दिवसाचा अभ्यास, हप्त्यावर घर. बाहेरची मुलं म्हणजे वाया गेलेली, यांना काय कमी आहे, असा आपला सरळ हिशेब असतो. बोगोशियन हा हिशेब खोटा म्हणत नाही. नॉर्मनचा राग त्यानं अगदी खरा लिहिलाय. पण तो दोन तास आपल्याला बाहेर उभं करतो, आणि बाहेरून ते दुकान कसं दिसतं ते दाखवतो.

त्यासाठी ही उपनगरं कशी घडली हे थोडं समजून घ्यावं लागतं. डोंबिवली काय, ठाणं काय, आपली उपनगरं आगगाडीनं वाढवली. स्टेशन हा त्यांचा मध्य, आणि स्टेशनापाशी बाजार, भाजीवाले, वडापाव, वाचनालय, सगळं पायी. अमेरिकेतली उपनगरं मोटारीनं वाढवली. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना सरकारनं घरकर्जाची हमी दिली. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाऊन उभं राहायला लागलं, एकाच साच्यातली सतरा हजारांवर घरं. त्यात काळ्या माणसांना घर मिळणार नाही अशी अट होती, हेही सांगायला हवं. १९५६ च्या कायद्यानं देशभर महामार्ग झाले आणि हाच साचा सगळीकडे पसरला. घरांच्या भागात फक्त घरं, दुकानांच्या भागात फक्त दुकानं. मध्ये मैल दीड मैल. बऱ्याच रस्त्यांना फुटपाथच नाही. मला ताईकडे सकाळी पायी फिरायला जायची सवय नडली, दुसऱ्या दिवशी पोलिसाची गाडी शेजारी थांबली आणि त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, गाडी बंद पडलीय का?

अशा गावात विशीतल्या मुलानं रात्री जायचं कुठे? कट्टा नाही, नाका नाही, स्टेशनचा पूल नाही. उजेड आणि माणूस दिसेल अशी एकच जागा. सेव्हन-इलेव्हन ही मूळची १९२७ सालची, टेक्सासमधल्या डलासची बर्फ विकणारी कंपनी. सकाळी सात ते रात्री अकरा दुकान उघडं, म्हणून १९४६ साली हे नाव पडलं. पुढे ती दुकानं रात्रभर चालू राहायला लागली. नाटकातली मुलं त्या उजेडाला येऊन चिकटलेली आहेत, पावसाळ्यात ट्यूबलाइटला किडे येतात तशी. हे मी तुच्छतेनं म्हणत नाही. दुसरा दिवाच नाही.

बोगोशियन स्वतः बॉस्टनजवळच्या वोबर्न या गावी वाढला. 'बर्नफील्ड'मध्ये वोबर्नचा अर्धा तुकडा दिसतो. कातडी कमावण्याच्या धंद्यावर जगलेलं ते गाव, इतकं की तिथल्या शाळेच्या संघाला आजही 'टॅनर्स' म्हणतात. धंदा गेला, बॉस्टनभोवतीचा मोठा रस्ता झाला, रस्त्याकडेला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या आल्या, आणि गाव कशाचंच राहिलं नाही. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बोगोशियन आर्मेनियन वंशाचा. त्याचे आजी-आजोबा तुर्कस्तानातल्या कत्तलीतून वाचून आलेले. म्हणजे त्याच्या घरातही एक नॉर्मन होऊन गेला होता, आणि नातू मात्र बाहेर दुकानापाशी उभा राहिला. काचेच्या दोन्ही बाजू त्याला ठाऊक असाव्यात त्या यामुळे.

मला नाटक निर्दोष वाटलं असं नाही. जेफ जिथं जगाच्या निरर्थकतेवर बोलत सुटतो तिथं तो वीस वर्षांचा मुलगा राहत नाही, चाळिशीचा लेखक बोलायला लागतो. पोनीबरोबर आलेली मुलगी तर नुसती हसण्यासाठी लिहिल्यासारखी आहे. शिव्यांचा भडिमारही इतका, की पंधरा मिनिटांनी कान बधिर होतात. आपल्याकडे जयंत पवारांचं 'अधांतर' आलं तेव्हा त्यातली भावंडं अशीच घरात कोंडलेली, एकमेकांना ओरबाडणारी होती. पण तिथं कारण समोर होतं. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या बंद पडल्या, बापाच्या पिढीचं काम गेलं आणि मुलांच्या हाताशी काही उरलं नाही. ते बघताना राग कुणावर धरायचा हे प्रेक्षकाला कळतं. 'सबअर्बिया'तल्या मुलांच्या घरी फ्रीज भरलेला आहे. त्यांच्यावर कुणी अन्याय केलाय असं बोट दाखवता येत नाही, आणि म्हणून आईबापांना ते जास्त अवघड जातं. ताई मला एकदा म्हणाली होती, "त्याला काही दुःख असतं तर मी समजून घेतलं असतं रे." तिला हे म्हणताना रडू आलं होतं.

नाटकाचा शेवट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. पोनीबरोबर आलेली मुलगी दिसेनाशी होते. टिम सांगतो, मी तिला मारून टाकलं. सगळे हादरतात, आरडाओरडा होतो आणि ती चांगली हसत परत येते. खोटं होतं ते. पण त्याच गोंधळात तिकडे बी-बी, ती गप्प मुलगी, दारू आणि गोळ्या घेऊन निपचित पडलेली असते. तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नसतं. नॉर्मन संतापानं ओरडत राहतो, की तुम्हाला सगळं मिळालंय आणि तुम्ही ते फेकून देताय. पडदा.

टाळ्या झाल्या, लोक उठले. भावोजी बसून होते. बस स्थानक पलीकडच्याच रस्त्यावर, चालत पाच मिनिटं. तिथं रांगेत उभे असताना ते म्हणाले, "ती मुलगी पहिल्यापासून तिथंच होती ना रे?"

"हो."

"मी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. मी त्या दुकानवाल्याकडेच बघत होतो." मग बसमध्ये बोगदा ओलांडेपर्यंत एक शब्द नाही.

गाडी आम्ही बस थांब्याजवळच्या पार्किंगला लावून ठेवली होती. तिथून घरी जाताना तो कोपरा लागतो. रात्रीचे साडेअकरा झाले होते. एरवी भावोजी तिथून मान सरळ ठेवून जायचे, हे ताईनं मला सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी रस्त्याच्या अलीकडे गाडी थांबवली आणि दिवे बंद केले. समोर पाच जण होते. माझा भाचा एका गाडीच्या बॉनेटला टेकून उभा, हात जॅकेटच्या खिशात. दोघं काहीतरी दाखवून हसत होते. आणि एक मुलगी दुकानाच्या भिंतीशी फुटपाथच्या कडेवर बसलेली, गुडघ्यांत डोकं घालून.

आम्ही पाच मिनिटं बसलो असू. ती मुलगी हलली नाही. भावोजी दार उघडून उतरले. मला वाटलं आता तमाशा होणार. ते रस्ता ओलांडून सरळ त्या मुलीपाशी गेले, मुलाकडे बघितलंही नाही. वाकून तिला काहीतरी विचारलं. तिनं डोकं वर केलं, दचकली, मग मान हलवून काहीतरी बोलली. भावोजी दुकानात गेले, पाण्याची बाटली घेऊन बाहेर आले, ती तिच्या हातात दिली आणि परत आले. भाचा तिथंच बॉनेटला टेकून खाली बघत उभा.

"बरी आहे," गाडी सुरू करत भावोजी म्हणाले. "दोन शिफ्ट करून आलीय म्हणाली. दमलीय."

घरी येऊन ताईला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, झोपलात का? ते म्हणाले, नाही. याची नोंद मात्र डोंबिवलीपर्यंत पोचली.

भाचा त्यानंतर लगेच सुधारला वगैरे काही झालं नाही. आणखी दोन वर्षं तो तिथंच उभा राहत होता. मग कधीतरी घरातली हीटर आणि वातानुकूलनाची यंत्रं दुरुस्त करायचा अभ्यासक्रम त्यानं केला, का केला ते त्यालाही सांगता येत नाही. आता चाळिशीला टेकलाय, स्वतःची व्हॅन आहे, हिवाळ्यात रात्री-अपरात्री फोन येतात. इंजिनिअर झाला नाही, याचं भावोजींना वाईट वाटतं की नाही हे मला माहीत नाही. हीटर बंद पडला की मात्र ते त्याची वाट बघतात.

हा लेख लिहायच्या आधी त्याला विचारायला हवं म्हणून मी मागच्या आठवड्यात फोन केला. ती रात्र त्याला नीट आठवत होती. मोडक्या मराठीत म्हणाला, "मामा, बाबा गेल्यावर तिनं विचारलं, तो माणूस कोण होता? मी म्हटलं, या दुकानात काम करतो. मला लाज वाटली, म्हणून तसं म्हटलं." मग थोडा वेळ फोनवर काहीच नाही. "बाबा खरंच दुकानात काम करायचे, ते आत्ता लॉकडाऊनमध्ये त्यांनी सांगितलं. मला माहीतच नव्हतं. पण मी काय म्हटलं होतं, ते मी त्यांना अजून सांगितलं नाही."

"मग हे लिहू का मी?"

"लिही," तो म्हणाला. "बाबा रविवारी तुमचा पेपर इंटरनेटवर वाचतात."